देव पाण्यात

परवा भाच्याने कॉलेजातून आल्या आल्या विचारलं, "मावशी, तू आस्तिक की नास्तिक?" वर्गात वाद झाला होता म्हणे. मी आस्तिक म्हणून मोकळी झाले, तर लगेच पुढचा प्रश्न: "मग देव आहे हे सिद्ध करून दाखव." तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहिते.

आस्तिक हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो, तो त्याचा जुना अर्थ नाही. व्याकरणकार पाणिनीच्या सूत्रात 'अस्ति', म्हणजे 'आहे', अशी ज्याची मती तो आस्तिक. काय आहे? टीकाकार सांगतात, परलोक. पुढे वेद प्रमाण मानणारा तो आस्तिक असं ठरलं. मनुस्मृती तर वेदाची निंदा करणाऱ्यालाच नास्तिक म्हणते. त्यामुळे मीमांसा, म्हणजे वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारी विचारपरंपरा, हे पक्कं आस्तिक दर्शन, यज्ञातला शब्द न् शब्द जपणारं, पण जग निर्माण करणाऱ्या ईश्वराची त्याला गरज पडत नाही. सांख्य दर्शनाच्या सांख्यकारिका या ग्रंथातही प्रकृती, म्हणजे जड सृष्टीचं मूळ, आणि पुरुष, म्हणजे साक्षी चैतन्य, एवढ्यावर जगाचा हिशेब लागतो. आणि कर्म, पुनर्जन्म, मोक्ष सगळं मानणारे जैन मात्र नास्तिकांत! 'देव मानतोस का' हा प्रश्न त्या शब्दात आपण फार नंतर भरला.

देव मानणं म्हणजे काय, हे मला आजीकडे बघून कळलं.

मी आठवीत होते. काका दवाखान्यात होते, काविळीने. एका संध्याकाळी आजीने देवघरातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सगळे उचलून पितळी घंगाळात ठेवले, वर बुडेपर्यंत पाणी ओतलं आणि ताट झाकलं. "पोर घरी येईल तेव्हाच बाहेर काढीन." रोज पहाटे ती ताट सरकवून आत बघायची आणि हळू आवाजात काहीतरी बोलायची. नवव्या दिवशी काका गेले. सुतकात देवांना कुणी हात लावला नाही. चौदाव्या दिवशी आजीने घंगाळ मोरीवर नेलं. पितळ काळवंडलं होतं. ती चिंच घेऊन एकेक मूर्ती घासत बसली, बाळकृष्णाच्या बोटांच्या बेचक्यासुद्धा. आईला राहवलं नाही. "आई, आता कशाला?" आजी मान वर न करता म्हणाली, "मला बोलायचं नाहीये त्याच्याशी. पण उपाशी कसा ठेवू?"

वर्षभर तिने नैवेद्य दाखवला आणि हात जोडले नाहीत.

देव पाण्यात ठेवल्याने काविळ बरी होत नाही, हे मला मान्य आहे. माझ्या घरात कुणी आजारी पडलं तर मी आधी डॉक्टरकडे धावेन. पण त्या बाईच्या वागण्याला नुसती अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणं मला जमत नाही. "कुठली तरी शक्ती आहेच" असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांच्याबद्दल राग नाही, पण त्याला श्रद्धा म्हणताना माझी जीभ अडते. शक्तीवर रुसता येत नाही. तिला जाब विचारता येत नाही, तिच्यापुढे वाटीभर दूधभात ठेवावासा वाटत नाही. "माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल" असं तुकोबा विठ्ठलावर रागावून म्हणतात. जनाबाई तर त्याला शिव्या घालते. ज्याचं असणं पटवून घ्यावं लागतं त्याच्याशी कुणी असं भांडत नाही. भांडतो आपण घरच्या माणसाशी.

माझी स्वतःची श्रद्धा आजीच्या पासंगालाही पुरणार नाही. मला कधी देवाचा इतका राग आलाच नाही, आणि हेच मला टोचतं.

हे सगळं भाच्याला सांगितलं. देव आहे हे काही त्यातून सिद्ध झालं नाही. तो मात्र वाद विसरून किती तरी वेळ काकांबद्दलच विचारत राहिला: ते दिसायला कसे होते, काय करायचे, त्यांचा फोटो आहे का.