चाकांवरची जागल

आमच्या वरुडकडे डिसेंबरात संत्र्याच्या बागेला ताण देतात. आंबिया बहारासाठी पाणी तोडायचं, झाडं मरगळली की जानेवारीत पुन्हा सोडायचं, मग फुलं धरतात. यंदा बागेसोबत मीही ताणावर होतो. मला फुलं तेवढी आली नाहीत.

कारण माझा साळा. पुण्यात राहून त्यानं हौसेनं जुनी कॅरावॅन घेतली, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांचं घर. आत पलंग, ओटा, पिटुकलं न्हाणीघर. सोसायटीत ठेवू देईनात, म्हणून ती आली आमच्या वावरात. "भाऊजी, जागलीला कामी येईल!" हरभऱ्यात रानडुकरं शिरतात, त्यामुळे जागल तर करावीच लागते. बाकीचे लोक मचाणावर बसतात, माझं मचाण दोन चाकांवर. बायको म्हणाली, "जा, तुम्ही तिकडेच बरे."

या डब्याच्या पोटाखाली शंभर लिटरची टाकी आहे. नळ उघडला की बॅटरीवरचा पंप आपोआप टर्रर्र करून उठतो. टाकी मात्र आपोआप भरत नाही. ती भरते विहिरीवरची मोटार, मोटार चालते लाइटीवर, आणि वावरातली लाइट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. माझी गाठ नेहमी रात्रीच्या लाइटीशी. एक वाजता कानटोपी घालून स्टार्टर दाबावा, तर मोटार घुमते आणि पाण्याचा पत्ता नाही. फुटबॉल गळतो. (विहिरीतल्या पाइपाच्या टोकाला, पाइपातलं पाणी परत खाली जाऊ नये म्हणून असतो तो फुटव्हॉल्व्ह. गावानं त्याचा फुटबॉल केला आणि तोही आमच्याशी तसाच खेळतो.) मग पाइपात बादलीबादलीनं पाणी ओता. पाणी मागायला गेलो की विहीर आधी माझ्याकडूनच उसनं घेते. एवढं करून पाणी आलं, तर टाकीची नळी थंडीनं कडक झालेली, निपलावर चढतच नाही. शेकोटीवर धरली की नरम पडते. जरा जास्त धरली की नळीच राहत नाही. तीन फूट नळी मी अशीच घालवली.

साळ्याची काळजी वेगळीच. अमेरिका-कॅनडात लोक बर्फात अशा डब्यांत राहतात, त्यांचे व्हिडिओ तो बघतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाइप फाटतात. म्हणून तिकडे पाइपाला विजेची गरम पट्टी गुंडाळतात, डब्याखाली वारा शिरू नये म्हणून चौफेर झालर लावतात, आणि राहायचं नसेल तर सगळं पाणी काढून नळांत न गोठणारं गुलाबी औषध भरून ठेवतात. मी म्हटलं, "अरे बाबा, नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर आला, तर त्याचा विक्रम झाला. पाणी गोठायला शून्य लागते."

"रिस्क नको, भाऊजी. रात्रभर नळ थेंब थेंब चालू ठेवा. वाहतं पाणी सहसा गोठत नाही."

ठेवला. माझा हात जरा मोकळाच. दर दोन मिनिटांनी पंप टर्रर्र करायचा. मला वाटलं, या आवाजानं डुकरं तरी पळतील.

सकाळी नळ फिरवला, तर ना पाणी, ना टर्रर्र. फोन केला. "गोठलं ना!" साळा असा ओरडला, जणू घरात पोरगं झालं.

मग काय, कापसाचा बारदाना फाडून डब्याला झालर लावली. पाइपाला बायकोची गोधडी गुंडाळली. (तिला अजून माहीत नाही. हे वाचून कोणी सांगायला जाऊ नका.) घमेल्यात पऱ्हाट्यांचे निखारे भरून डब्याखाली सरकवले आणि त्यांच्या शेजारी उताणा पडून पाइपाला शेक दिला. पाठीखाली दहिवर, नाकात धूर.

आठाला सालदार आला. गालात खर्रा. बराच वेळ नुसता बघत राहिला.

"काय करून राह्यले, भाऊ?"

"पाइप गोठला."

त्यानं वाकून टाकीवर टिचकी मारली, टरबूज बघतात तशी. ढण्ण वाजलं.

"गोठते कायले? टाकीत पानीच नाही ना बाप्पा."

थेंब थेंब करत रात्रीतून टाकी रिकामी झाली होती आणि हवा ओढून ओढून पंपानं बॅटरीही संपवली होती. धुऱ्याकडचा हरभरा उलथलेला. डुकरांना टर्रर्र आवडलं असावं.

सालदारानं रहाटाला बादली लावली. विहिरीचं पाणी वर आलं ते वाफाळतच. खाली ऋतू बदलत नाही. त्यानं तिथेच दोन बादल्या अंगावर ओतल्या, "मस्त गरम हाय" म्हणाला आणि मोटार बघायला गेला. मी स्वेटर, मफलर, कानटोपीत शिंकत उभा.

तेवढ्यात फोन. "भाऊजी, थेंब थेंब चालू आहे ना?"

मी रुमाल शोधत होतो.

"चालू आहे," म्हटलं.