देवी जरा मागं घ्या

तुम्ही देशभक्तीपर धार्मिक चित्रकलेत उतरायचं ठरवलंय, असं कानावर आलं. उत्तम निर्णय. मराठवाड्यात पाऊस दगा देईल, पण या धंद्याला मरण नाही. गणपतीत देखावा लागतो, नवरात्रात कमान लागते, 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचा फ्लेक्स लागतो आणि मधल्या दिवसांत कुणा ना कुणा साहेबांचा वाढदिवस असतोच. चित्रकलेची पदवी लागत नाही. असेल तर ती घरी ठेवून या, कारण दुकानात रेखाटायचं काही नसतं. देवी, सिंह, गड, उगवता सूर्य, सगळं तयार फाईलमध्ये कापून ठेवलेलं असतं. तुम्ही फक्त मांडायचं.

सुरुवात भारतमातेपासून करा. त्यासाठी एक पथ्य पाळायचं: जुनं चित्र चुकूनही उघडून बघायचं नाही. बंगालची फाळणी झाली त्या 1905 साली अवनींद्रनाथ टागोरांनी भारतमाता काढली. भगव्या वस्त्रातली, चार हातांची, शांत बाई. शेजारी सिंह नाही. हातात त्रिशूळ नाही, झेंडा नाही, मागं नकाशाही नाही. एका हातात पोथी, एकात भाताच्या लोंब्या, एकात पांढरं वस्त्र, एकात जपमाळ. म्हणजे त्या भल्या माणसानं आईच्या हातात चक्क मागण्यांचं निवेदन दिलंय! विद्या द्या, अन्न द्या, कपडा द्या, दीक्षा द्या. आता असलं चित्र तुम्ही सोयाबीन काढणीच्या दिवसांत मोंढ्यासमोर लावलं, तर काय होईल? ट्रॅक्टरच्या रांगेत ताटकळलेला माणूस वर बघणार आणि लोंब्या दिसताच शेजारच्याला विचारणार, ‘आज काय भाव निघाला?’ पांढरं कापड बघून दुसऱ्याला घरात पडून असलेला कापूस आठवणार. पोथी बघून एखादी बाई म्हणणार की आमच्या शाळेत गुरुजी कधी येणार. झाली की पंचाईत. एवढ्यासाठी आईचे चारही हात आधी रिकामे करून घ्या आणि मग त्यांत शस्त्र द्या. त्रिशुळाला कुणी भाव विचारत नाही.

काशीला भारतमातेचं एक मंदिर आहे, 1936 साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं. आत मूर्तीच नाही, संगमरवरात कोरलेला देशाचा नकाशा आहे, डोंगर-दऱ्यांसकट. ही कल्पनाही आपल्या कामाची नाही. नुसत्या जमिनीपुढं हात जोडायला लावलं, तर साहेब उभे कुठं राहणार?

आणि साहेब कुठं उभे राहणार, हाच या कलेतला मुख्य प्रश्न आहे. बाकी सगळी सजावट. बसस्टँडमागच्या एका फ्लेक्सच्या दुकानात हा प्रश्न सुटताना मी जवळून बघितला. तुळजाभवानी छत्रपती शिवरायांना तलवार देते, तो प्रसंग पडद्यावर होता. कोपऱ्यात तालुक्याचे एक होतकरू नेते पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभे. सोबत आलेल्या कार्यकर्त्याचं समाधान होईना.

‘भाऊ, दादांचा फोटो बारीक दिसायलाय. जरा वर घ्या.’

‘वर देवी हाय की वो.’

‘मग देवी जरा मागं घ्या.’

‘मागं मंदिराचं शिखर हाय.’

‘तर मग पुसट करा की थोडी. दादा कसे उठून दिसले पायजेत.’

डिझायनरनं माऊस सरकवला आणि महिषासुराला लोळवणारी अष्टभुजा जगदंबा शंभरावरून तीस टक्क्यांवर आणली. पुढं दादा उजळले. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. देवीचा असा अपमान एखाद्या पोरानं कॉलेजच्या चित्रप्रदर्शनात केला असता, तर त्याच संध्याकाळी निवेदन गेलं असतं. तेव्हा हे लक्षात असू द्या की भावना दुखावतात त्या चित्रकाराच्या कुंचल्यानं. फ्लेक्सच्या माऊसनं नाही.

प्रभावळीचंही तेच. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना घातला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथून निघालेले रंगीत देव घरोघरी भिंतीवर लागले. देवळाच्या पायरीशी ज्यांना अडवलं जायचं, त्यांच्याही घरात लक्ष्मी-सरस्वती पोचल्या. छपाईनं केलेलं हे मोठंच काम. पण त्या चित्रांत डोक्यामागचं तेजोवलय देवाचं असायचं, ही मात्र जुन्या लोकांची उधळपट्टी. तुम्ही उगवता सूर्य बरोब्बर साहेबांच्या डोक्यामागं बसवा. कुणी विचारलंच तर सूर्य आहे म्हणायचं.

चेहऱ्यावरचे भाव एकच ठेवा: राग. सगळे देव रागावलेले हवेत. वेरूळला जाऊन नसते प्रश्न डोक्यात घेऊन येऊ नका. तिथं कैलास लेण्यात रावण अख्खा कैलास गदागदा हलवतोय. पार्वतीनं घाबरून शंकराचा आधार घेतलाय, दासी पळत सुटलीय, आणि महादेव काय करतोय? काही नाही. शांत बसून पायानं डोंगर नुसता दाबतोय. वर त्या कारागिरानं रावणाचं अंगही तेवढ्याच मायेनं घडवलंय, त्याचे सगळे हात, पाठीचा ताण, सगळं. शत्रूवर इतके कष्ट! तुमच्या चित्रात शत्रू काळी सावली असली तरी भागतं. ती सावली कुणाची, हे बघणाऱ्याला बरोबर कळतं, आणि पोलीस ठाण्यात विचारलं तर सावलीच होती म्हणता येतं.

तिरंगा लागेलच. त्यावर नाव टाका, तारीख टाका, ‘भावी आमदार’ टाका. राष्ट्रध्वजावर काहीही लिहिणं हा 1971 च्या कायद्यानं अवमान ठरतो, हे खरं. पण तो कायदा वाचलेला माणूस सहसा फ्लेक्स लावत नाही आणि फ्लेक्स लावणारा कायदा वाचत नाही, त्यामुळं दोघांची गाठ पडायचा धोका कमी. काही धाडसी मंडळी अशोकचक्राच्या चोवीस आऱ्यांच्या जागी गोल कापलेला चेहरा बसवतात. नवशिक्यानं एवढ्यात त्या वाटेला जाऊ नये.

राज्यघटनेपासून मात्र चार हात लांब. गंमत अशी की धर्म आणि देश यांची सांगड घालणारी चित्रं हवीच असतील, तर ती तिथंच आहेत. नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या चित्रकारांनी मूळ हस्तलिखित प्रत सजवली, त्यात मूलभूत हक्कांच्या भागावर राम, सीता आणि लक्ष्मण आहेत. निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत, तेच गुरू ज्यांनी 1708 मध्ये आपल्या नांदेडात देह ठेवला. पण पुढच्याच भागावर झाशीच्या राणीसोबत टिपू सुलतान निघतो, आणि सगळा रंग बिघडतो. शिवाय राम दाखवला की खाली हक्क वाचावे लागतात. त्यापेक्षा खालची अक्षरं कापून नुसता राम घ्यावा. अमेरिकेत जॉन मॅकनॉटन नावाच्या चित्रकारानं 2009 मध्ये येशूच्याच हातात तिथली राज्यघटना देऊन टाकली. तिकडच्या परंपरावादी मंडळींना चित्र फार भावलं. आपल्याकडं असं करू नका, इथं कुणीतरी ती हातातून घेऊन वाचायला बसेल.

आता 17 सप्टेंबरचा फ्लेक्स. इथं भलेभले चुकतात. निजामाच्या राजवटीविरुद्धचा लढा म्हटला की हात शिवशिवतात. घोडा, तलवार, धुरळा, सगळं घालावंसं वाटतं. पण या लढ्याचे पुढारी होते स्वामी रामानंद तीर्थ. अंबाजोगाईच्या शाळेत पोरांना शिकवणारा हा संन्यासी. वस्त्रं खरी भगवी, तुरुंगवास खरा, पण हातात शस्त्र नाही. फ्लेक्सवर असा माणूस अगदीच फिका पडतो. त्यांना टपाल तिकिटाएवढे करून वर कोपऱ्यात ठेवा, म्हणजे विसरलो असंही होत नाही. आणि शोएबुल्ला खान यांचं तर नावच काढू नका. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक, हैदराबाद भारतात विलीन व्हावं असं लिहीत राहिले, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. हातही तोडला. आता हा माणूस तुम्ही कोणत्या बाजूला उभा करणार? उजळ बाजूला घ्यावा तर सावलीचा हिशेब चुकतो, सावलीत घ्यावा तर इतिहासाचा. अशा वेळी जागा कमी पडली म्हणावं आणि तिथं शुभेच्छुकांचे सोळा पासपोर्ट फोटो लावावेत.

टिकाऊपणाची चिंता करू नका. अजिंठ्याच्या रंगांना दीड-दोन हजार वर्षं झाली, ती त्या काळची हौस. तुमचं चित्र वाढदिवसानंतरच्या पहिल्या वावधानात फाटेल किंवा रात्रीतून गायब होईल. चोरी झाली म्हणून बोंबलू नका. ते कुठंतरी शिवारात कडब्याच्या गंजीवर किंवा सोयाबीनच्या ढिगावर पालथं पडलेलं असतं, छपाईची बाजू आत. दहा बाय वीसचा फ्लेक्स चांगला दाट असतो आणि ताडपत्री विकत घ्यायची म्हणजे पैसे पडतात. तुमच्या कलाकृतीनं सर्वसामान्यांच्या आयुष्यात केलेलं हे एवढंच काम. पण ते साहेबांना सांगण्यासारखं नाही.

शेवटची गोष्ट तांत्रिक, पण पोट त्यावरच चालतं. साहेबांच्या चेहऱ्याचा लेयर कायम वेगळा ठेवा. देवीत, सिंहात, सूर्यात तो मिसळू देऊ नका. महाराष्ट्रात माणसं कधी कुठं जातील याचा नेम नाही. चेहरा वेगळा असला म्हणजे खालच्या पट्टीचा रंग आणि चिन्ह बदललं की पाच मिनिटांत नवी निष्ठा छापून तयार. त्यांचे विरोधकही तुमच्याचकडं येणार, कारण उधारीवर छापणारं दुकान तालुक्यात एकच असतं. त्यांना तोच सिंह द्या, तोच गड द्या. फक्त एकाचा सिंह उजवीकडं बघणारा आणि दुसऱ्याचा डावीकडं बघणारा करा. आणि हो, सिंह फिरवण्याचे वेगळे पैसे लावू नका, गिऱ्हाईक तुटतं.