हातचा पिक्सेल

वजाबाकी दुसरीत शिकवतात. वरच्या आकड्यातून खालचा काढायचा, कमी पडलं तर शेजारच्या घरातून हातचा घ्यायचा. दीर्घिकेच्या दोन फोटोंची वजाबाकी याहून वेगळी नसते, असं जो सांगतो त्याने एकतर ती कधी केलेली नसते, नाहीतर त्याला ती आपल्याकडून करून घ्यायची असते.

हेतू अगदी सात्त्विक. सप्तर्षींच्या शेपटाला वसिष्ठ आणि मरीची यांच्याबरोबर त्रिकोण करून एम १०१ ही दीर्घिका बसलेली आहे, इथून सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षांवर. १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांना तिच्यात एक सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन मरणारा तारा, सापडला. सापडला तेव्हा तो पंधराव्या प्रतीच्या जवळपास होता, काही दिवसांत अकराव्या प्रतीपर्यंत चढला (प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). त्याचं नाव एसएन २०२३ आयएक्सएफ. हे नाव लक्षात ठेवण्यापेक्षा गाडीचा चासी नंबर सोपा. पुण्याहून त्या दिवसांत एम १०१ रात्री अकराच्या आगेमागे चांगली पन्नासेक अंश उंचीवर यायची. आणि जूनमध्ये पाऊस. म्हणजे ब्रह्मांडातल्या एका ताऱ्याने मरायला मुहूर्त काढला तोही पावसाळ्याच्या तोंडावर.

सुपरनोव्हा भरात असताना वजाबाकीची गरज नसते, तो उघडच दिसतो. गरज पडते तो उतरणीला लागल्यावर. दीर्घिकेच्या एका सर्पिल हातात, एनजीसी ५४६१ या तेजस्वी वायूच्या पुंजक्याशेजारी तो बसलाय. त्याचा उजेड मोजायला वर्तुळ काढलं की शेजाऱ्याचाही उजेड आत येतो, एका मीटरवर दोन बिऱ्हाडं असल्यासारखा. म्हणून मे २०२३ च्या आधीचा जुना फोटो घ्यायचा, तो नव्यातून वजा करायचा, आणि उरेल तो निव्वळ सुपरनोव्हा. इथवर सगळे खुशीत असतात.

पहिला फटका हातच्यालाच बसतो. कॅमेऱ्याची फाइल १६ बिटची, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये ० ते ६५५३५ यांतला एक पूर्णांक. त्यात उण्याची सोय नाही. पायथन या संगणकभाषेत अशा दोन फाइली थेट वजा केल्या आणि एखाद्या पिक्सेलमध्ये ३०० मधून ३०१ काढायची वेळ आली, तर उत्तर येतं ६५५३५. शेजारी कोणी नसताना हातचा घेतला, आणि घेतला तो थेट सावकाराकडून. रिकाम्या आकाशात साधारण निम्मे पिक्सेल उण्यात जातात, त्यामुळे निकालाच्या चित्रावर कोणीतरी चुन्याची बादली शिंपडल्यासारखी दिसते. हे निदान दिसतं तरी. इमेजजे हे सॉफ्टवेअर जास्त सभ्य आणि म्हणून जास्त धोकादायक. ते उणं आलं की गुपचूप शून्य लिहितं. चित्र इतकं स्वच्छ दिसतं की आपल्याला स्वतःचं कौतुक वाटायला लागतं. खरं तर निम्मा हिशेब केरात गेलेला असतो. उपाय एकच. फाइल उघडल्या उघडल्या ३२ बिटमध्ये बदलायची, कारण तिथे उणे आकडे चालतात, आणि इमेज कॅल्क्युलेटरमध्ये ३२ बिटच्या चौकटीत खूण करायची. ही खूण करायला विसरणे हा या धंद्यातला राष्ट्रीय खेळ आहे.

इमेजजे मुळात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जन्मलं, ते सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांसाठी. त्यामुळे ताऱ्यांना ते ‘कण’ म्हणतं. ताऱ्यांचा त्यावर आक्षेप नाही, आपला अहंकार तेवढा थोडा दुखावतो.

आता जुळवाजुळव, म्हणजे दोन्ही फोटोंतले तारे नेमके एकमेकांवर बसवणं. कुठला तारा कुठे आहे हे लिहून घ्यायचं. आकाशाचे फोटो बघायच्या डीएस९ नावाच्या प्रोग्रॅममध्ये डावीकडचा खालचा पिक्सेल (१, १). इमेजजेमध्ये डावीकडचा वरचा पिक्सेल (०, ०). एका सोसायटीत तळमजल्याला पहिला मजला म्हणतात आणि दुसरीत मजले गच्चीपासून मोजतात, अशी ही गत. एका प्रोग्रॅममध्ये टिपलेले आकडे दुसऱ्यात घातले तर चित्र एक पिक्सेल सरकतं किंवा पाण्यातल्या प्रतिबिंबासारखं वरचं खाली होतं. आधी एक प्रोग्रॅम धरावा आणि शेवटपर्यंत त्याच्याशीच संसार करावा.

त्यात दुर्बिणीचा स्टँड जर्मन पद्धतीचा असेल तर तारा माथ्याच्या रेषेपलीकडे गेल्यावर दुर्बीण कूस बदलते आणि कॅमेरा १८० अंशांत फिरतो. रात्री अकराच्या आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो एकमेकांकडे पाठ करून झोपलेल्या नवराबायकोसारखे. तो आधी सरळ अर्ध्या चकरेत फिरवून घ्यायचा. यात काही बिघडत नाही, कारण पिक्सेल पूर्णच्या पूर्ण जागा बदलतात. बिघडतं ते पुढच्या बारीक फिरवण्यात.

दोन तारे निवडायचे, चित्राच्या दोन टोकांचे. फार तेजस्वी नकोत. ६५५३५ ला टेकलेल्या ताऱ्याचा माथा टेबलासारखा सपाट होतो आणि त्याचा मध्य कुठे ते त्यालाही माहीत नसतं. सगळ्यात उजळ पिक्सेल म्हणजे मध्य, असंही धरू नये. ताऱ्याभोवती चौकट काढून गुरुत्वमध्य काढायचा, पण त्याआधी आकाशाचा उजेड वजा करायचा. नाहीतर त्या उजेडाच्या वजनाने गुरुत्वमध्य ताऱ्याकडून चौकटीच्या मध्याकडे ओढला जातो, आणि आपण ताऱ्याची नव्हे, स्वतः काढलेल्या चौकटीची जागा दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत मोजत बसतो.

समजा दोन ताऱ्यांमधलं अंतर २००० पिक्सेल आणि नव्या फोटोत ती रेषा ७ पिक्सेलने कलली आहे. ७ भागिले २०००, गुणिले ५७.३, म्हणजे ०.२ अंश. एवढंच फिरवायचं. डावीकडे की उजवीकडे? ज्या दिशेबद्दल आपली खात्री असते, ती हमखास चुकीची असते, असा माझा ठाम समज आहे. चुकीकडे फिरवलं की ७ चे १४ होतात. तेव्हा घाबरायचं नाही, हेच आपलं दिशादर्शक यंत्र.

आधी फिरवणं, मग सरकवणं. उलट केलं तर फिरवताना सरकवलेलं पुन्हा हलतं. आणि फिरवणं, सरकवणं शक्यतो एका झटक्यात करावं. अर्धा पिक्सेल सरकवायचा म्हणजे सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतं, आणि दर सरासरीला तारा थोडा पसरतो. चारदा ‘अजून जरासं’ केलं की टिपकागदावर शाईचा थेंब पडल्यासारखे तारे होतात. आयरॅफ या खगोलशास्त्रज्ञांच्या सॉफ्टवेअरमध्ये जिओमॅप आणि जिओट्रॅन ही जोडी म्हणूनच बरी: एक नुसता हिशेब करते, दुसरी एकदाच हात लावते.

एवढा कीस कशाला, अर्ध्या पिक्सेलने काय होतं? ताऱ्याची रुंदी (निम्म्या उंचीवर मोजलेली) ४ पिक्सेल आहे, माथा २०,००० चा आहे आणि जुळणी अर्ध्या पिक्सेलने चुकली, तर वजाबाकीनंतर त्या जागी सुमारे साडेतीन हजारांचा पांढरा डोंगर आणि त्याच्या शेजारी तेवढीच काळी दरी उरते. तुमचा उतरता सुपरनोव्हा ५०० चा. साडेतीन हजारांच्या डोंगराशेजारी तो मिरवणुकीत हरवलेल्या पोरासारखा. नुसत्या दशांश पिक्सेलची चूकही सातशेचा डोंगर करते.

मात्र या काळ्यापांढऱ्या जोड्या भांडखोर असल्या तरी खोटं बोलत नाहीत. पहिल्या वजाबाकीनंतर चित्राकडे लांबून बघावं. सगळ्या जोड्या वारीत चालल्यासारख्या एकाच दिशेला तोंड करून असतील तर सरकवण्यात चूक. मध्याभोवती फुगडी घालत असतील तर फिरवण्यात चूक. मधून बाहेर, दगड पडल्यावर उडालेल्या कबुतरांसारख्या पांगत असतील तर मापातच फरक: थंडीने नळी आकसली, फोकस बदलला, किंवा कॅमेराच वेगळा. माप काढायचं सूत्र सोपं, पिक्सेलची रुंदी मायक्रॉनमध्ये, गुणिले २०६.२६५, भागिले फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये. ३.७६ मायक्रॉन आणि ८०० मिलिमीटर असेल तर पिक्सेलला ०.९७ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). आणि चार कोपऱ्यांत चार तऱ्हा दिसत असतील तर हाताने जुळवायचा नाद सोडावा. पत्रिका जुळवणाऱ्यांना ३६ पैकी १८ गुण चालतात, इथे खरेखुरे तारे जुळवायचे असतात.

तारे जुळले म्हणजे संपलं नाही. चंद्र होता-नव्हता, शहराचा उजेड होता-नव्हता, त्याप्रमाणे आकाशाचा तळ वेगळा. तो दोन्हींतून आधी काढायचा. एम १०१ चा पसारा जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा, म्हणून ‘इथे रिकामं आकाश असेल’ असं म्हणून मधेच चौकट काढली तर आपण दीर्घिकेचाच हात वजा करून बसतो. तळ काढल्यावर दहा-पंधरा मध्यम तारे घेऊन दोन्ही फोटोंतल्या त्यांच्या उजेडाचं गुणोत्तर काढायचं, मधला आकडा घ्यायचा, जुन्याला त्याने गुणायचं. तळ न काढता गुणोत्तर काढणारे दुधाबरोबर पातेल्याचंही वजन करतात.

आणि मग सगळ्यात जिवावर येणारं काम. एका रात्री हवा शांत, तारे ३ पिक्सेल रुंद. दुसऱ्या रात्री हवा उकळत होती, तारे ५ पिक्सेल. हे तसेच वजा केले की प्रत्येक ताऱ्याच्या जागी मधे भोक आणि भोवती कडं, म्हणजे चक्क मेदूवडा उरतो. वाईट फोटो चांगला करता येत नाही. म्हणून चांगला फोटो वाईट करायचा. ज्या रात्री डास, दव आणि शेजाऱ्यांचा बाहेरचा दिवा यांना तोंड देऊन टाचणीच्या टोकासारखे तारे मिळवले, तो फोटो स्वतःच्या हाताने धुरकट करायचा, कारण त्याची सोयरीक गचाळ फोटोशी ठरली आहे.

किती धुरकट? इथे पायथागोरस भेटतो, आणि तोही नेमका ३-४-५ घेऊन. ५ चा वर्ग वजा ३ चा वर्ग, १६, वर्गमूळ ४. म्हणजे ४ पिक्सेल रुंदीचा धूसरपणा. आनंदाने इमेजजेच्या गॉसियन ब्लरमध्ये, म्हणजे चित्र सगळीकडून सारखं, गोल धुरकट करायच्या सोयीत, ४ टाकायचे आणि फसायचं. त्या चौकटीत रुंदी मागितलेली नसते, सिग्मा हे पसरण्याचं दुसरं माप मागितलेलं असतं. रुंदी भागिले २.३५५, म्हणजे १.७. चार टाकले की तारे जवळजवळ दहा पिक्सेल रुंद होतात आणि मेदूवडा उलटा पडतो. शिवाय वारा सुटला असेल तर तारा गोल नसतोच, लांबट असतो. मग गॉसियनही कामाचा नाही.

हे दुःख जगाला आधीच कळलेलं आहे. आलार आणि लप्टन या दोघांनी १९९८ मध्ये एका ताऱ्याचा आकार दुसऱ्यासारखा करायचा धूसरपणा गणिताने, फोटोंवरूनच शोधायची रीत काढली. त्या रीतीवर बेतलेल्या एका प्रसिद्ध प्रोग्रॅमचं नाव हॉटपँट्स. नावातली अक्षरं एका लांबलचक तांत्रिक वर्णनाची आहेत, पण ते घरच्यांना कोण समजावणार? रात्री दोन वाजता ‘हॉटपँट्स चालू होत नाहीये’ असं मोठ्याने म्हणू नये.

वजाबाकीनंतर जे उरतं त्यात निम्मी भुतं असतात. अवकाशातून येऊन कॅमेऱ्यावर आदळणाऱ्या विश्वकिरणाचा ठिपका एकदोन पिक्सेलचा टोकदार असतो, ताऱ्याइतका रुंद नसतो. गरम पिक्सेल, म्हणजे उजेड नसतानाही चमकणारा बिघडलेला पिक्सेल, कॅमेऱ्याला चिकटलेला असतो. दोन फोटोंच्या मधे दुर्बीण मुद्दाम थोडी हलवली असेल तर तारे जुळवल्यावर तोच सरकलेला सापडतो. उपग्रहाची रेघ ओळखायला शिक्षण लागत नाही. तेजस्वी ताऱ्यांचे अवशेष कधीच जात नाहीत, त्यांच्यावर सरळ काळा ठिगळ लावावा. बिनफिल्टरच्या कॅमेऱ्यात लाल आणि निळे तारे एका गुणोत्तराला बधत नाहीत, तिकडे काणाडोळा करावा.

क्लाइड टॉमबॉ यांनी १९३० मध्ये प्लूटो शोधला तो वजाबाकी न करता. २३ आणि २९ जानेवारीच्या दोन काचपट्ट्या यंत्रात आलटूनपालटून बघत त्यांनी हलणारा ठिपका पकडला. डीएस९ मध्येही असे आलटूनपालटून फोटो दाखवणारं ब्लिंकचं बटण आहे. शंका असली की मी आधी तेच दाबतो. डोळ्यांना ३२ बिट आठवणीने निवडावं लागत नाही.

तर अखेर सगळं जमून येतं. तारे गायब, दीर्घिकेचे हात गायब, करड्या सपाट आकाशात एनजीसी ५४६१ शेजारी नेमक्या जागी एकच गोल ठिपका. फक्त काळा. नव्यातून जुना काढायचा, तर जुन्यातून नवा काढला गेलेला असतो, कारण दोन्ही खिडक्यांची नावं ‘एम१०१ फायनल’ आणि ‘एम१०१ फायनल १’. हरकत नाही, उणे एकने गुणलं की झालं. म्हणजे ३२ बिटच्या चौकटीत खूण केलेली असेल तर. नसेल तर काळा ठिपकाही दिसत नाही, तिथे नुसतं शून्य असतं आणि आजूबाजूलाही बरीच शून्यं.