निरोप कुणाकडून आला, तेही तपासा
वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) आणि नेटिव्ह कोड (ॲपचा स्वतःचा कोड) यांच्यात निरोपांची देवाणघेवाण कशी करायची हे लेखात छान उलगडलं आहे, पण निरोप कुणी पाठवला हे तपासण्याबद्दल एक ओळही नाही. मला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अँड्रॉइडवर 'ॲडजावास्क्रिप्टइंटरफेस' वापरून ॲप वेबपानाला दिलेलं ऑब्जेक्ट पानातल्या प्रत्येक फ्रेमला मिळतं, म्हणजे आयफ्रेममधल्या (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातल्या) जाहिरातीलासुद्धा! अँड्रॉइड ४.२ च्या आधी तर रिफ्लेक्शनमधून (चालू असताना कोडची आतली रचना शोधून वापरण्याच्या सोयीतून) त्या ऑब्जेक्टच्या सगळ्या पब्लिक मेथड गाठता यायच्या. पुढे फक्त ॲनोटेशन (कोडमधली खास खूण) लावलेल्या मेथड दिसू लागल्या, तरी फ्रेमचा प्रश्न उरलाच. म्हणून नवीन काम असेल तर अँड्रॉइडएक्स या लायब्ररी-संचातला 'ॲडवेबमेसेजलिसनर' घ्या, त्यात परवानगी असलेल्या ओरिजिनची (पान कुठल्या पत्त्यावरून आलं त्याची) यादी आधीच द्यावी लागते. आयओएसवर डब्ल्यूकेवेबव्ह्यूच्या (तिथल्या वेबव्ह्यूच्या) प्रत्येक मेसेजसोबत फ्रेमची माहिती येते, ती वाचून मगच पुढे जा.

आणि हो, अँड्रॉइडवर 'ॲडजावास्क्रिप्टइंटरफेस'च्या मेथड मुख्य थ्रेडवर (स्क्रीन सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावर) चालत नाहीत, म्हणून तिथून थेट स्क्रीनवर बदल करू नका. पुढच्या भागात ओरिजिन तपासणीचा नमुना कोड जरूर द्यावा, ही मनापासून विनंती.