काच खाली नव्हती, मी गाडीबाहेर होतो

दाभोळच्या फेरीबोटीची वाट पाहणाऱ्यांना 'रुखरुख कशाची राहिली?' असं विचारून मी जो लेख लिहिला, त्याखाली 'एक कोकणी' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. सोयीचं तेवढं उचललं असं कुणी म्हणायला नको, म्हणून आधी ती पूर्ण देतो:

"गाडीची काच खाली करून कष्टाच्या माणसाला 'आयुष्यात रुखरुख कशाची राहिली?' असं विचारणं हा पोट भरलेल्यांचा चाळा आहे. पाहुण्याला माणूस गोड तेच सांगणार. या विषयावर थॉमस गिलोविच यांनी तीस वर्षांपूर्वीच संशोधन करून ठेवलंय, ते वाचा. तुमच्या लेखात एकही बाई बोलत नाही. आणि शीर्षक क्लासच्या जाहिरातीसारखं आहे."

शीर्षकाचं मान्य. 'रुखरुखीशिवाय जगण्याचे कोकणी धडे' हे जरा जास्तच झालं. बदलतो.

आता काच. महाशय (किंवा बाईसाहेब, नाव नसल्याने कळायला मार्ग नाही), तुम्ही कधी धोपाव्याच्या धक्क्यावर उभे राहिला आहात का? वाशिष्ठीच्या मुखाशी बोट पलीकडे दाभोळला गेलेली असली की अलीकडे गाड्यांची रांग लागते. उन्हात काचा बंद करून कोण बसणार? ड्रायव्हर उतरतात, दुचाकीवाले टाकीवर कोपर टेकून उभे राहतात, कुणी कोकम सरबत शोधतो. बोट आली, लोखंडी फळी धाडकन पडली, की आधी दुचाक्या सुटतात आणि मागोमाग हॉर्न वाजायला लागतात. तोवर कुणालाच काही काम नसतं. तिथे मीही उभाच होतो, त्यांच्यासारखाच घामाघूम. काच वर का खाली, हा प्रश्नच नव्हता.

आणि 'चाळा' म्हणे! माझे वडील गुहागर डेपोत कंडक्टर होते. वस्तीची गाडी घेऊन जायचे, रात्री गाडीतच नाहीतर एखाद्या देवळात आडवे व्हायचे आणि सकाळी पहिल्या फेरीला त्याच गावची माणसं भरून आणायचे. कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा मुंबईहून पत्र पाठवेनासा झाला, सगळं त्यांना ठाऊक असायचं. न विचारता नव्हे हां, विचारून. तिकीट फाडताना थेट विचारायचे, "काय वो, चेहरा का पडलाय?" त्यांना कुणी पोट भरलेला म्हटल्याचं मला आठवत नाही. पगाराची तारीख जवळ आली की आमच्या घरात डाळ कशी पातळ व्हायची ते मी पाहिलंय. तेव्हा मला कष्टाची ओळख करून देऊ नका. पुण्यात राहतो म्हणून मी पर्यटक आणि टोपणनाव घेतलं म्हणून तुम्ही कोकणी, हा न्याय कुठला?

बरं, 'गोड तेच सांगणार' म्हणता. लेखातले ते मुंबईच्या कापडगिरणीत काम केलेले आजोबा आठवतात? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. मी विचारल्यावर मलाही वाटलं होतं, संपाचंच काही बोलतील. तर म्हणाले, "संप केला त्याचं काय नाय. गिरणी गेली तरी सालभर घरी सांगितलं नाय. भाजीबाजारात पाट्या उचलून मनीऑर्डर करत होतो. आई वारली तेव्हा तिच्या हिशोबी मी गिरणीतच होतो." यात गोड काय आहे? पाहुण्याला खूश करायला कुणी हे सांगतं? उलट त्यांनी मलाच विचारलं, "तुमचं काय?" आणि मी बोट आली म्हणून सुटलो. हेही लेखात होतं. तुम्ही तिथवर पोहोचला नसाल.

गिलोविच वाचलेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत; सहकारी मेडवेक यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की जवळच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी टोचतात आणि वर्षं लोटली की न केलेल्या. छान. आजोबांचं 'सांगितलं नाय' त्यात चपखल बसतं. पण श्रीवर्धनचे सुपारीवाले बसत नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी बांधावरून ते सख्ख्या भावाला नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी पोफळी अशा आडव्या झाल्या की बांध कुठला तेच कळेना. नवी रोपं लावली, भाऊ बोलत नाही तो नाहीच. इतकी वर्षं झाली, माणूस त्या केलेल्या गोष्टीशीच अडकलाय. गिलोविच यांनीही फोन लावून अनोळखी माणसांनाच विचारलं होतं. अमेरिकेत फोनवर विचारलं की संशोधन आणि धक्क्यावर विचारलं की चाळा, असं आहे का?

बायकांबद्दल: त्या दुपारी बहुतेक बायका गाडीत बसून होत्या, काच लावून. खाली करायला सांगायची होती का? मग तर तुम्ही मला फाडूनच खाल्लं असतं.

असो. प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचा भाग बागमांडला-वेश्वी फेरीवर आहे, अर्धाअधिक लिहून झालाय आणि प्रश्न तोच आहे. तुम्ही खरंच त्या बाजूचे असाल तर नावानिशी लिहा, रुखरुख कशाची ते तुम्हालाही विचारीन. फोनवर चालेल ना?