क्रिएटिनिन १.१ आहे, म्हणून किडनी ठणठणीत?

हार्ट आणि किडनीच्या तपासण्यांबद्दलचा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्याचा आशय असा: क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो एक टाकाऊ पदार्थ) १.२ च्या आत असेल तर किडनीची काळजी सोडा. बीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात येणारा पदार्थ) वाढलं म्हणजे हार्ट फेल झालंच. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) वाढलेलं म्हणजे अटॅक. हार्टच्या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढलं तर त्या ताबडतोब बंद करा, कारण ‘त्या किडनी खातात’. आणि एनजीएएल ही किडनीची नवी तपासणी करून घ्या, तिच्यापुढे जुन्या सगळ्या फिक्या.

यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे. म्हणूनच तो मेसेज पटतो आणि पुढे ढकलला जातो.

क्रिएटिनिनपासून सुरुवात करू. ते तयार होतं स्नायूंत, त्यामुळे रक्तातला आकडा किडनीइतकाच स्नायूंवरही ठरतो. १.१ हाच आकडा घ्या. २५ वर्षांच्या तरुणासाठी २०२१ च्या सूत्राने ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, सुमारे ९५ येतो. ७० वर्षांच्या बाईंसाठी त्याच १.१ वरून तो ५४ च्या आसपास येतो, आणि ६० च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला तर त्याला जुनाट किडनी विकार म्हणतात. लॅबच्या कागदावर मात्र दोघांपुढेही ‘नॉर्मल’ छापलेलं असू शकतं.

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडलेल्या, पेशंटमध्ये तर हा घोळ आणखी वाढतो. आजार लांबला की जेवण तुटतं, दंड-मांड्या झडतात, स्नायू कमी झाल्याने क्रिएटिनिन उतरतं आणि घरच्यांना वाटतं किडनी सुधारली. अशा वेळी सिस्टॅटिन सी हे रक्तातलं दुसरं एक प्रथिन उपयोगी पडतं. ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात, स्नायूंवर त्याची मदार फार कमी. मात्र स्टिरॉइड, थायरॉइडचे विकार, लठ्ठपणा आणि धूम्रपान यांमुळे तेही हलतं. म्हणून शंका असेल तिथे दोन्ही आकडे एकत्र घालून ईजीएफआर काढणं अधिक भरवशाचं ठरतं. केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

आता बीएनपी. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की बीएनपी आणि त्याचा जोडीदार एनटी-प्रोबीएनपी रक्तात येतात, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण एनटी-प्रोबीएनपी शरीराबाहेर टाकण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. किडनी मंदावली की ते रक्तात साठतं. वय आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) यांनीही ते वाढतं. उलट लठ्ठ माणसात ते अपेक्षेपेक्षा कमी दिसतं, आणि तिथे खोटा दिलासा मिळण्याचा धोका असतो. या तपासणीची खरी ताकद ‘नाही’ म्हणण्यात आहे: अचानक दम लागलेल्या माणसाचं एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली असेल तर दम लागण्याचं कारण हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता फार कमी. वरच्या आकड्याचा अर्थ लावताना ईजीएफआर शेजारी ठेवावाच लागतो. आणखी एक: हार्ट फेल्युअरसाठीची सॅक्युबिट्रिल असलेली गोळी चालू असेल तर ती बीएनपीचं विघटन रोखते, म्हणून अशा पेशंटमध्ये एनटी-प्रोबीएनपी बघायचं.

ट्रोपोनिनचं थोडक्यात. जुनाट किडनी विकारात ते कायमच थोडं वाढलेलं असू शकतं. हृदयाला इजा झाल्याची ती खूण आहेच, पण अटॅक ठरवायला काही तासांच्या अंतराने आकडा चढतो-उतरतो का हे पाहतात, शिवाय छातीतलं दुखणं आणि ईसीजीही. (केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, काही पद्धतींत त्याने ट्रोपोनिन खोटंच कमी दिसतं.)

मला खरी धास्ती वाटते ती गोळ्या बंद करण्याच्या सल्ल्याची. बाकीच्या चुकांनी फार तर गैरसमज होईल, या सल्ल्याने माणूस आयसीयूत जाऊ शकतो. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या बीपी-हार्टच्या गोळ्या किडनीच्या गाळण्यांमधला जादा दाब उतरवतात. दाब उतरला की गाळणं थोडं मंदावतं आणि क्रिएटिनिन किंचित चढतं. सुरुवातीच्या चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ साधारणपणे चालवून घेतली जाते, कारण तोच कमी झालेला दाब पुढे किडनीला वाचवतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मूळ मधुमेहासाठी आलेल्या गोळ्यांचंही तसंच: ईजीएफआर आधी थोडा घसरतो, नंतरची घसरण मंदावते. २०२० च्या डॅपा-सीकेडी चाचणीत चार हजारांवर किडनी-रुग्ण होते. त्यांच्यातल्या डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांमध्ये किडनी निकामी होणं आणि हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं, दोन्ही कमी झालं.

लघवीच्या गोळ्यांवर लोकांचा सगळ्यात जास्त राग. पण हृदय कमजोर झालं की रक्त मागे, शिरांमध्ये तुंबतं आणि किडनीतून रक्त बाहेर पडायलाच अडथळा होतो. मोरी तुंबलेली असताना वरून पाणी ओतण्यात काय अर्थ? ते तुंबलेलं पाणी काढताना क्रिएटिनिन तात्पुरतं वाढू शकतं. २०११ च्या ‘डोस’ नावाच्या चाचणीत लघवीच्या औषधाच्या मोठ्या आणि कमी मात्रेची तुलना झाली; मोठ्या मात्रेच्या गटात ही वाढ जास्त जणांत दिसली, पण ६० दिवसांनी दोन्ही गटांत फरक उरला नव्हता.

याचा अर्थ कुठलीही वाढ चालते असा नाही. ती ३० टक्क्यांच्या पलीकडे गेली, पोटॅशियम चढलं, जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं, तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा काही दिवस गोळी थांबवतात. त्यासाठीच गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं. गंमत अशी की मेसेजातल्या ‘किडनी खाणाऱ्या’ गोळ्यांत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्यांचं नावही नाही. गुडघ्यासाठी दुकानातून आणून घेतलेल्या या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि हार्ट फेल्युअर चिघळवतात.

राहिलं एनजीएएल. किडनीच्या नलिकांना इजा झाली की ते क्रिएटिनिनच्या आधी वाढतं, म्हणून आशा मोठी होती. पण संसर्ग आणि दाह यांनीही ते वाढतं. २०१६ मध्ये आलेल्या अकिनेसिस अभ्यासात, अचानक बळावलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये किडनी बिघडेल का हे ओळखण्यात रक्तातलं एनजीएएल साध्या क्रिएटिनिनपेक्षा सरस ठरलं नाही. धडधाकट माणसाने वार्षिक तपासणीत त्यावर पैसे घालायचं कारण मला दिसत नाही.

एवढ्या लांब मेसेजात लघवीच्या तपासणीचा मात्र उल्लेखही नाही. अल्ब्युमिन (किडनीतून गळू नये असं रक्तातलं प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचा लघवीतला रेशो, म्हणजे एसीआर, ३० च्या वर जाणं हे किडनीच्या आजाराचं लक्षण तर आहेच, पण क्रिएटिनिन उत्तम असतानाही ते हृदयविकाराचा वाढलेला धोका दाखवतं. लघवीत बुडवायच्या नेहमीच्या पट्टीवर थोडं अल्ब्युमिन सुटून जातं, म्हणून रेशोच मागायचा. मधुमेह, बीपी किंवा हार्ट फेल्युअर असलेल्यांनी तो वर्षातून एकदा तरी करावा. सकाळची पहिली लघवी द्या. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा जोरदार व्यायाम असेल तर ते सरेपर्यंत थांबा. आकडा वाढलेला आला तर घाबरून न जाता पुन्हा करा, आणि तीन महिन्यांनंतरही तो चढाच राहिला तर ईजीएफआरच्या रिपोर्टसोबत डॉक्टरांना दाखवा.