‘८५ टक्के माणसे, १५ टक्के ज्ञान’: प्रकल्प व्यवस्थापकांमध्ये फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

नाशिकजवळच्या अंबड, सातपूर, सिन्नर आणि गोंदे इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्या अभियंत्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो आहे. तो पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. त्याचा आशय असा: ‘हार्वर्ड, कार्नेगी आणि स्टॅनफर्डची संशोधन संस्था यांच्या अभ्यासानुसार नोकरीतले ८५ टक्के यश माणसे हाताळण्याच्या कौशल्यावर अवलंबून असते, तांत्रिक ज्ञानाचा वाटा फक्त १५ टक्के असतो. संवादात शब्दांना ७ टक्केच महत्त्व असते, बाकी सारे हावभाव आणि आवाज. ही कला उपजत असते. ज्याच्या अंगात ती आहे त्याला पीएमपीसारख्या (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) प्रमाणपत्राची गरज नाही आणि ज्याच्या अंगात ती नाही त्याला प्रमाणपत्राचा उपयोग नाही. प्रकल्प व्यवस्थापकाने माणसे सांभाळावीत, प्रकल्प आपोआप पूर्ण होतो.’

नाशिक परिसरात कारखान्यांच्या विस्ताराची कामे, म्हणजे पाया खोदण्यापासून यंत्र चालू करून देईपर्यंतची सगळी, मी बावीस वर्षे पाहत आलो आहे. माणसांशी नीट वागता आल्याशिवाय या धंद्यात एक दिवस निभत नाही, हे मला कोणी पटवून द्यायला नको. तरीही हा संदेश चुकीचा आहे आणि पहिल्यांदाच प्रकल्पाची जबाबदारी खांद्यावर घेणाऱ्या मुलामुलींचे तो नुकसान करतो, म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान ८५ टक्क्यांचे. या आकड्याचा माग काढत गेले की आपण १९१८ सालच्या एका अहवालापाशी पोहोचतो. अमेरिकेतल्या कार्नेगी फाउंडेशनसाठी चार्ल्स मान यांनी अभियांत्रिकी शिक्षणाचा अभ्यास केला होता आणि त्यात हजारो अभियंत्यांना पत्राने विचारले होते की, चांगल्या अभियंत्याच्या अंगी कोणते गुण असावेत. आलेल्या उत्तरांतून सहा गटांना भार दिला गेला: चारित्र्य २४, निर्णयशक्ती १९.५, कार्यक्षमता १६.५, माणसांची समज १५, मूलभूत ज्ञान १५ आणि तंत्रकौशल्य १०. ही सहा पदे सावकाश वाचावीत. माणसांच्या समजेला इथे ८५ नव्हे, १५ मिळाले आहेत, आणि नेमके तेवढेच मूलभूत ज्ञानालाही मिळाले आहेत. ज्ञानाचे १५ तेवढे बाजूला काढून उरलेले सगळे, अगदी तंत्रकौशल्यसुद्धा, एका गाठोड्यात बांधले तरच ८५ भरतात. पुढे १९३० च्या दशकातल्या एका अतिशय लोकप्रिय पुस्तकाने ‘१५ टक्के तांत्रिक ज्ञान आणि ८५ टक्के माणसे हाताळण्याचे कौशल्य’ अशी मांडणी केली आणि तीच आजवर चालत आली. संदेशात जोडलेली स्टॅनफर्डची संशोधन संस्था तर १९४६ साली स्थापन झाली. १९१८ च्या अहवालाशी तिचा संबंध असणे शक्यच नाही. शिवाय ही पाहणी लोकांच्या मतांची होती. कोणाला किती यश मिळाले आणि ते कशामुळे मिळाले, याचे मोजमाप तिच्यात कुठेही नव्हते. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी अभियंत्यांना कोणते गुण मोलाचे वाटत होते, एवढेच तिच्यातून समजते, आणि तेही ऐकण्यासारखे आहे, कारण त्यांनी चारित्र्याला सर्वांत वर ठेवले होते.

शब्दांच्या ७ टक्क्यांविषयी थोडक्यात सांगतो. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आला. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले जात आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली जात. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढेच ऐकणाऱ्याने ओळखायचे होते. हे सूत्र भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरतेच लागू पडते, असे स्वतः मेहराबियन यांनी स्पष्ट केले आहे. कामाच्या बोलण्याला ते लावले तर काय होईल, ते सातपूरच्या कोणत्याही कारखान्यात यंत्र चालू करायला परदेशी तंत्रज्ञ आला की दिसते. त्याचे हावभाव सगळ्यांना दिसतात, आवाज सगळ्यांना ऐकू येतो, पण बोल्टवर किती टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, द्यायचा ते कळण्यासाठी दुभाषाचीच वाट पाहावी लागते.

आता ही कला उपजत असते, या विधानाकडे येतो. या संदेशातले सर्वांत घातक विधान मला हेच वाटते, कारण ते ऐकून अबोल स्वभावाची हुशार मुले या कामातून आधीच माघार घेतात आणि बोलकी मुले आपल्याला शिकण्यासारखे काही उरले नाही असे समजून बसतात.

ही कला शिकवता येते, याचे एक उदाहरण देतो. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे एक डीसी-८ विमान इंधन संपून कोसळले आणि दहा जणांचा मृत्यू झाला. विमान उडवता न येणारे तिथे कोणी नव्हते. चाके नीट उघडली आहेत की नाहीत या चिंतेत अनुभवी कॅप्टन जवळजवळ तासभर आकाशात घिरट्या घालत राहिला. इंधन उतरत चालल्याचे त्याच्या सहकाऱ्यांना दिसत होते, त्यांनी तसे सुचवलेही, पण ‘आता उतरलेच पाहिजे’ असे ठामपणे कोणी म्हटले नाही आणि कॅप्टननेही ते मनावर घेतले नाही. या आणि अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने वैमानिकांना नेमके हेच शिकवायला सुरुवात केली: कनिष्ठाने धोका कोणत्या शब्दांत सांगायचा, तो ऐकला गेला नाही तर पुन्हा कसा सांगायचा, आणि वरिष्ठाने तो विचारून कसा काढून घ्यायचा. आज जगभरातल्या विमान कंपन्यांत हे प्रशिक्षण सक्तीचे आहे. उपजत म्हणून सोडून दिलेली गोष्ट अभ्यासक्रमात बसवता आली आणि माणसे ती शिकली.

मी स्वतः ती फार महाग किंमत मोजून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अंबडला एका मोठ्या प्रेसच्या पायाचे काम माझ्याकडे होते. यंत्र पायाला जखडणाऱ्या फाउंडेशन बोल्टसाठी लावलेला साचा नकाशाच्या उलट दिशेने बसला होता. काँक्रीट ओतण्यापूर्वी एका तरुण फिटरच्या ते लक्षात आले, पण तो बोलला नाही. काँक्रीट घट्ट झाल्यावर चूक उघडकीस आली, कोअर कटिंग करून, म्हणजे घट्ट काँक्रीटमध्ये गोल भोके पाडून, बोल्ट नव्याने बसवावे लागले आणि अठरा दिवस गेले. बऱ्याच महिन्यांनी चहा पिताना तो मुलगा हळूच म्हणाला, ‘साहेब, मला दिसलं होतं. पण तुम्ही आदल्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला होता ना, तुला कोणी विचारलंय का म्हणून.’ मी तसे म्हणालो होतो, त्याला नव्हे, दुसऱ्याच एका हेल्परला, आणि विसरूनही गेलो होतो. माझ्यासाठी ते एक वाक्य होते. त्या शेडमधल्या चौदा माणसांसाठी तो नियम झाला होता.

त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. ‘झालं का?’ हा प्रश्न सोडला आणि ‘कुठे अडलंय?’ असे विचारू लागलो, कारण पहिल्या प्रश्नाला ‘होतंय साहेब’ हे उत्तर ठरलेले असते आणि दुसऱ्याला काहीतरी खरे सांगावे लागते. दुसरी सवय अशी की, काँक्रीट ओतण्याआधी नकाशा वाचण्याचे काम तिथल्या सर्वांत नव्या माणसाकडे द्यायचे. तो मोठ्याने वाचतो आणि जुनी माणसे जागेवर मोजून हो किंवा नाही म्हणतात. माझा तापट स्वभाव आजही पूर्ण गेलेला नाही. पण या दोन सवयींमुळे तो कामाच्या आड येत नाही, आणि त्या मला सांगून, करून, चुकून लागल्या. जन्माने मिळाल्या नाहीत.

प्रमाणपत्राविषयीचे विधान अर्धे खरे आहे, म्हणून ते नीट सोडवून पाहायला हवे. पीएमपी देणारी प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट १९६९ मध्ये स्थापन झाली. तिने जानेवारी २०२१ पासून परीक्षेचा जो आराखडा लागू केला त्यात ४२ टक्के प्रश्न माणसांविषयी, ५० टक्के कामाच्या प्रक्रियेविषयी आणि ८ टक्के व्यवसायाच्या परिस्थितीविषयी ठेवले होते. म्हणजे ज्या परीक्षेला हा संदेश पुस्तकी म्हणून बाजूला सारतो तिने माणसांना जवळजवळ निम्मी जागा दिली, आणि तरीही ८५ टक्के दिली नाही. प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर तीन वर्षांत साठ तासांच्या बरोबरीचे शिक्षण दाखवावे लागते, त्यामुळे एकदा मिळवले आणि भिंतीवर टांगले असेही ते नाही. परीक्षेत मात्र बहुतेक वेळा दिलेल्या पर्यायांतला योग्य पर्याय निवडायचा असतो. पैसे थकल्यामुळे चिडलेला ठेकेदार टेबलासमोर उभा असताना तोच पर्याय स्वतःच्या तोंडाने मांडणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती कोणतीही परीक्षा तपासू शकत नाही. नाशिकला दिंडोरी रस्त्यावर ‘मेरी’च्या (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या) परिसरात सरकारी अभियंत्यांसाठी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे. नोकरीत असलेल्या अभियंत्याला पुन्हा वर्गात बसवावे लागते, हे शासनाने मान्य केले आहे. आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांत मात्र चांगल्या फिटरला किंवा डिझाइनरला एका सोमवारी प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून नेमतात आणि त्याला कोणी काहीच शिकवत नाही. हे मला फार खटकते.

उरते शेवटचे वाक्य: माणसे सांभाळावीत, प्रकल्प आपोआप पूर्ण होतो. हे वाक्य लिहिणाऱ्याने माणसे आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत, आणि माझा खरा आक्षेप त्यालाच आहे. एक उदाहरण देतो. पत्र्याच्या शेडखाली एप्रिल महिन्यात लांब यंत्राचे अलाइनमेंट करताना, म्हणजे त्याचे भाग एका रेषेत जुळवताना, जुना फिटर दुपारी हात थांबवतो आणि म्हणतो, उद्या पहाटे घेऊ. काम न जाणणाऱ्या व्यवस्थापकाला तो कामचुकार वाटतो. पण पोलाद एका अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते. यंत्राच्या दहा मीटर लांबीच्या बेडला, म्हणजे बैठकीला, दहा अंशांचा फरक पडला की १.२ मिलिमीटर होतात, आणि आपण तिथे शतांश मिलिमीटर जुळवत असतो. हे ज्याला माहीत आहे तो ‘मामा, पहाटे किती वाजता येऊ?’ असे विचारतो. त्या प्रश्नाने जो विश्वास मिळतो तो पाठीवर शंभरदा हात ठेवूनही मिळत नाही. त्या फिटरला मान मिळाला, कारण त्याचे म्हणणे समजण्याइतके ज्ञान समोरच्याकडे होते.

उलट बाजूनेही तेच आहे; माणसांची माहिती नसेल तर वेळापत्रकही खोटे ठरते. आमच्याकडे खोदाई आणि काँक्रीटच्या कामावर पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या भागांतली पुष्कळ माणसे असतात. पाऊस लागला की ती भाताच्या आवणीसाठी, म्हणजे रोपांच्या लावणीसाठी, गावी जातात, आणि दसऱ्याच्या सुमारास दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या छाटणीची कामे निघाली की त्यांतली बरीच तिकडे वळतात. जुलैत मुकादमाच्या हातापाया पडणाऱ्या व्यवस्थापकाचे वागणे कितीही गोड असले तरी माणसे येत नाहीत, आणि येऊ नयेतच, कारण त्यांच्या वर्षाच्या भाताचा तो प्रश्न असतो. फेब्रुवारीत मुकादमाजवळ बसून ‘तुमची आवणी साधारण कधी?’ असे विचारून तेवढे आठवडे सोडून वेळापत्रक आखणे, हे माणसांचे कौशल्य आहे की नियोजनाचे, हे मला सांगता येणार नाही.

माणसे वाढली की नुसत्या आपुलकीवर काम चालत नाही, याला साधे गणितही आहे. पाच जणांत परस्पर बोलण्याच्या जोड्या दहा होतात, बारा जणांत ६६ आणि वीस जणांत १९०. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरमध्ये महापालिका, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, रेल्वे, पोलीस अशा अनेक यंत्रणा आणि त्यांचे ठेकेदार एकाच मुदतीकडे पाहून काम करत आहेत, आणि पर्वणीची तारीख कोणालाही पुढे ढकलता येत नाही. अशा ठिकाणी एकाच रस्त्याखाली जलवाहिनी कोण आधी टाकणार आणि डांबर कोण नंतर टाकणार, हे चांगल्या संबंधांवर सोडून चालत नाही. ते लिहून, सह्या घेऊन, आठवड्यातल्या ठरलेल्या वारी तपासावे लागते. संबंध चांगले असतील तर ती बैठक तासाऐवजी वीस मिनिटांत संपते.

आणि पैशांचे काय, हे या संदेशात कुठेच नाही. उपठेकेदाराचे मोजमाप वेळेवर घेतले नाही की त्याचे बिल पुढच्या महिन्यावर जाते, बिल पुढे गेले की मुकादमाला खर्ची, म्हणजे मजुरांना आठवड्याच्या खर्चाला द्यायचे पैसे, मिळत नाही, आणि आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशी खर्ची मिळाली नाही तर मजूर सोमवारी दुसऱ्या साइटवर दिसतो. तेव्हा मुकादमाचे सांत्वन करणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत. मोजमाप वहीत त्याच संध्याकाळी नोंद करून दोघांच्या सह्या घेणारेही पाहिले आहेत. त्यांतले काही अगदी कमी बोलणारे आहेत, आणि नवे काम निघाले की मुकादम आधी त्यांना फोन करतात.